पिकअपचे दिवे आणि कात्रजचा घाट

गेल्या श्रावणातली गोष्ट. रात्रीचे अकरा वाजले असतील. मी मच्छरदाणी लावून आडवी होणार, इतक्यात दारात पिकअपचा ओळखीचा आवाज आला. भाचा! म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा मुलगा. कुरुळीला राहतो, रात्री दोन-अडीचला निघून नारायणगावाहून टोमॅटोचे क्रेट भरतो आणि उजाडायच्या आत पिंपरीच्या मंडईत आणून टाकतो. त्या दिवशी कुठलंसं भाडं सोडून घरी चालला होता.

"आत्या, आज इथेच झोपतो. पुढचे दिवे परत गेले. पावसात मोशीच्या पुढे काही दिसायचं नाही."

दिवे म्हणजे त्याने बंपरवर हौसेने, खरं तर गरजेने, लावून घेतलेले दोन जादा फॉगलॅम्प. नाशिक रस्त्यावर रात्री गाडी चालवणाऱ्याला विचारा, खेडच्या पुढे ऊस भरलेली ट्रॉली मागे लाल दिवा नाही, साधा रिफ्लेक्टर नाही अशी अंधारात उभी असते. ती दिसते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून हे दिवे. पण दोन महिन्यांत तीन इलेक्ट्रिशियन झाले. पहिल्याने बल्ब बदलले. दुसऱ्याने रिले बदलला. तिसऱ्याने "बॅटरीच गेलीय" असं छातीठोक सांगून नवी बॅटरी गळ्यात मारली. प्रत्येक वेळी दुकानासमोर दिवे लख्ख लागायचे, आणि चार दिवसांनी एक चांगला पाऊस झाला की पुन्हा मिणमिण. त्यात एक गंमत अशी की डावीकडचा इंडिकेटर लावला की फॉगलॅम्पसुद्धा त्याच्या तालावर डोळे मिचकावायचे!

मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेली बाई. मला यातलं काय कळणार? पण मास्तरकीचा एक फायदा असतो, कुठल्याही विषयाचा एक तरी विद्यार्थी सापडतोच. माझा एक विद्यार्थी इथल्याच एका मोठ्या कारखान्याच्या इलेक्ट्रिकल खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झाला आहे. त्याला फोन केला. "बाई, सकाळी येतो. तोवर त्याला म्हणावं कशालाच हात लावू नकोस."

भाचा घोरायला लागला. मला मात्र झोप येईना. अशा वेळी म्हातारी माणसं जप करतात म्हणे. मी आपली गाडीच्या दिव्यांचा इतिहास आठवत पडले.

आमच्या लहानपणी गाडी म्हणजे बैलगाडी, आणि गाडीचा दिवा म्हणजे साट्याखाली आसाला टांगलेला कंदील. तो रस्ता दिसावा म्हणून नसायचा. रस्ता बैलांना ठाऊक असायचा, गाडीवान झोपला तरी चालायचं. कंदील असायचा तो समोरच्याला आपण दिसावं म्हणून. हा फरक मला त्या रात्री पहिल्यांदा नीट कळला. दिव्याची ही दोन कामं वेगळी आहेत, आणि पुढचा सगळा घोळ ती एकाच दिव्याकडून करून घ्यायच्या नादात झाला आहे.

कंदिलावरून ओगल्यांचा 'प्रभाकर' कंदील आठवला. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर कऱ्हाडजवळ ओगलेवाडीचा काचकारखाना उभा राहिला, आणि त्या कारखान्याचा कंदील महाराष्ट्रात घरोघरी गेला. आमच्या घरीही होता. त्याची काच राखेने पुसायचं काम माझं. स्वदेशीचा धडा मी वर्गात किती वेळा शिकवला, पण प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे काचेच्या गोळ्यावरची माझी काळी बोटंच यायची.

मोटारींचंही सुरुवातीला यापेक्षा फार वेगळं नव्हतं. आधी रॉकेलचे दिवे, मग कार्बाइडचे. कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडायचं, ॲसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो जळायचा. आमच्या जत्रेतले खेळणीवाले असले दिवे लावायचे, त्यांचा तो उग्र वास माझ्या वयाच्या वाचकांच्या नाकात अजून असेल. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅकने विजेवर सुरू होणारी आणि विजेचे दिवे असलेली मोटार काढली. १९१३ मध्ये जर्मनीत बॉशने जनित्र, रेग्युलेटर, बॅटरी आणि दिवे असा अख्खा संच बाजारात आणला. दिव्याला गाडीतच वीज मिळू लागली, आणि समोरच्याचे डोळे दिपायला तेव्हापासूनच सुरुवात झाली असावी.

आमच्या भागात हे सगळं उशिरा आलं, पण आलं ते धो धो. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स निघाली. लोक तिला नुसतं 'पेनिसिलिन' म्हणत. माझे वडील तिथे लागले. पाठोपाठ आकुर्डीला बजाज, मग टेल्को, १९६२ साली स्थापन झालेल्या एम.आय.डी.सी.चे पट्टे. बजाज टेम्पो तर १९५८ची. फिरोदियांनी हँबुर्गच्या टेम्पो कंपनीशी करार करून तीन चाकांची मालगाडी आणली आणि मराठी भाषेला एक शब्द मिळाला. आता कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी असो, आपल्याकडे तो टेम्पोच! माझा भाचासुद्धा "पिकअप" म्हणतो ते लग्नाच्या बोलणीत. एरवी "टेम्पो लावून येतो" हेच. जर्मनीतली ती कंपनी केव्हाच संपली, तिचं नाव मात्र नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात रोज पुकारलं जातं.

पुढे १९८६ला टेल्कोची ४०७ आली, १९८८ला टाटामोबाइल ही पिकअप आली, २००५ला छोटा हत्ती आला. २००९-१०च्या सुमाराला चाकणला फोक्सवॅगन आणि महिंद्रचे कारखाने सुरू झाले आणि आमच्या लहानपणी कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी माहीत असलेलं चाकण जगाच्या नकाशावर गेलं. (ते नकाशावर आधीही होतं हो. १६६० साली शाहिस्तेखानाला फिरंगोजी नरसाळ्याने जवळजवळ दोन महिने चाकणच्या भुईकोटापुढे झुलवलं होतं. पण हे आता त्या कारखान्यांत जाणाऱ्या पोरांना सांगून बघा.)

शाहिस्तेखानावरून अर्थातच कात्रज आठवलं. एप्रिल १६६३ मध्ये लाल महालावर छापा घातल्यावर महाराजांनी कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना आणि झाडांना पलिते बांधून पेटवले, मोगल फौज त्या उजेडामागे धावली आणि महाराज भलत्याच वाटेने सिंहगडाकडे गेले, अशी ती गोष्ट. आख्यायिका म्हणा हवं तर, पण 'कात्रजचा घाट दाखवणे' भाषेत कायमचं बसलं. वर्गात पोरं या जागी हमखास टाळ्या वाजवायची. जादा दिवे लावून समोरच्याला चकवण्याचा आपल्याकडचा सर्वांत नामांकित प्रयोग हाच. फरक इतकाच की तिथे समोर शत्रू होता.

आता जे लिहिणार आहे ते घरातल्याच पुष्कळ जणांना माहीत नाही.

१९६९चा पावसाळा. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. वडील दुसरी पाळी संपवून मुंबई-पुणे रस्त्याने सायकलवर चिंचवडला यायचे. तेव्हा इथे नगरपालिकासुद्धा नव्हती, ती १९७०ला झाली, मग रस्त्यावर दिवे कुठले? सायकलला दिवा नसला तर पोलीस पकडायचा, म्हणून पुढे एक रॉकेलची ढणढणती चिमणी असायची. त्या रात्री समोरून ट्रक आला, दिवे पूर्ण वर. वडिलांनी सायकल डावीकडे घेतली. डावीकडे मोरीचं खोदकाम होतं. ट्रक थांबला नाही, कदाचित त्याला कळलंही नसेल. खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने अंथरुणावर, आणि पुढे १९९१ला जाईपर्यंत लंगडत चालले. मी त्यांना एकदा विचारलं होतं, "इतकं रोजचं खोदकाम, तुम्हाला दिसलं कसं नाही?" ते म्हणाले, "अंधारात रोज दिसायचं. त्या दिवशी उजेड फार होता."

पहाटे कधीतरी डोळा लागला.

विद्यार्थी आठाला हजर. (विद्यार्थी म्हणजे पासष्टीचा, डोक्यावर एक केस नाही!) खिशातून त्याने एक बल्ब काढला, त्याला दोन वायरी आणि टोकांना चिमटे. "बाई, हा आमचा टेस्ट लॅम्प. मीटर खोटं बोलत नाही, पण अर्धंच बोलतं. हा करंट खेचतो, म्हणून पूर्ण बोलतो." त्याने भाच्याला इंजिन चालू करून हेडलाइट, फॉगलॅम्प सगळं लावायला सांगितलं. "सगळे जण दुकानात हेडलाइट बंद ठेवून फॉगलॅम्प बघतात. रोग जेव्हा होतो तेव्हा तपासायला नको का?"

मग मीटर. बॅटरीच्या टोकांवर १४.१ व्होल्ट. "बॅटरी ठणठणीत, अल्टरनेटर ठणठणीत. जुनी बॅटरी कुठे टाकलीस रे?" भाच्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. फॉगलॅम्पच्या लाल वायरीवर १३.७. म्हणजे जाणारी वीज नीट पोचत होती. मग त्याने मीटरचं एक टोक दिव्याच्या काळ्या वायरीला आणि दुसरं बॅटरीच्या ऋण टोकाला लावलं. इथे जवळजवळ शून्य यायला हवं. आलं ३.९.

"हे बघा बाई, चोर सापडला. पोरांनी जाणारी वाट तीनदा तपासली. परतीची वाट कोणी बघितलीच नाही."

त्याने मला समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगते, चूक असेल तर जाणकारांनी सुधारावं. घरात विजेला दोन तारा असतात, जायला एक आणि यायला एक. मोटारीत तार वाचवण्यासाठी गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची तार म्हणून वापरतात. याला सगळे 'अर्थ' म्हणतात, जमिनीशी त्याचा काही संबंध नसला तरी. (जुन्या ब्रिटिश गाड्यांमध्ये पुष्कळदा उलटं असायचं, बॅटरीचं धन टोक सांगाड्याला.) भाच्याच्या गाडीत पहिल्या माणसाने फॉगलॅम्पची काळी वायर ज्या बोल्टखाली दाबली होती, त्याच बोल्टवर डाव्या हेडलाइटची आणि डाव्या इंडिकेटरचीही अर्थ होती. बोल्टखालचा रंग खरवडलेला नव्हता. पावसाचं पाणी गेलं, गंज चढला. कोरडं असताना आणि थोडाच करंट असताना कसंबसं चालायचं. पण ५५ वॉटचे दोन दिवे म्हणजे नऊ-साडेनऊ अँपिअर, त्यात हेडलाइटचे चार-पाच, आणि एवढी सगळी गर्दी एका गंजक्या बोल्टातून परत निघालेली! चौदातले जवळजवळ चार व्होल्ट तिथेच गरम होऊन वाया. आणि दिव्याचं असं आहे की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड दहा टक्के नाही, जवळजवळ तीस टक्के कमी होतो. म्हणून ती मिणमिण.

आणि ते डोळे मिचकावणं? इंडिकेटर पेटला की त्याचाही करंट त्याच बोल्टावर जाऊन आदळायचा, बोल्टावरचा भार वाढायचा, दिव्यांच्या वाट्याचं आणखी थोडं कमी व्हायचं. इंडिकेटर विझला की पुन्हा थोडं वाढायचं. "दोन वेगळ्या दिव्यांनी एकमेकांच्या तालावर नाचायला सुरुवात केली ना बाई, की डोळे मिटून अर्थ बघायची."

तिघा जणांनी बल्ब, रिले, बॅटरी बदलली ती वाईट हेतूने असं मला म्हणायचं नाही. नवी वस्तू लावली की काहीतरी केल्यासारखं दिसतं आणि गिऱ्हाईकही पैसे देताना कुरकुरत नाही. गंजका बोल्ट साफ करायचे कोणी किती पैसे देणार? एका लढाईत का हरलो हे शोधताना आम्ही इतिहासवाले सेनापतीपासून सुरुवात करतो आणि रसदीपर्यंत पोचतच नाही, तसलाच प्रकार.

काम अर्ध्या तासाचं निघालं. बोल्ट काढला, खालची जागा पॉलिश पेपरने पांढरी होईपर्यंत घासली. फॉगलॅम्पला जाडसर वेगळी काळी वायर, टोकाला नवं थिंबल दाबून, थेट चेसिसवर दुसऱ्या ठिकाणी. वर ग्रीसचं बोट. पुन्हा मीटर लावलं, ०.१. फॉगलॅम्प असे उजळले की समोरच्या भिंतीवरच्या जाहिरातीतली बारीक अक्षरंसुद्धा वाचता यावीत. मी चहा टाकला.

चहा पिताना भाच्याच्या तोंडून खरी गोष्ट बाहेर आली. गाडीच्या पुढच्या सीटमागे त्याने एक लांबलचक एलईडीची पट्टी आणून ठेवली होती. केबिनवर टपाला लावायची. "आत्या, सगळे लावतात. समोरचा डिपर देत नाही, मग आपणही का द्यायचा? ज्याचा उजेड मोठा त्याचा रस्ता."

एलईडी ही गोष्ट मोठी खरी. निळा एलईडी शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली नोबेल मिळालं, त्यामुळेच पांढरा एलईडी दिवा शक्य झाला आणि माझ्या विजेच्या बिलात फरक पडला. पण त्या नोबेलवाल्यांनी तो पिकअपच्या टपावर बसवून समोरच्याच्या डोळ्यांत मारा असं सांगितलेलं नाही. विद्यार्थी म्हणाला, "बाई, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९चे आहेत. १११ नंबरचा नियम सांगतो की पुढे स्पॉटलाइट, सर्चलाइट लावायचा नाही, अपवाद सोडून. आणि १०६ नंबरचा तर मला पाठ आहे." दिव्याचा झोत कायम खाली वळलेला हवा. गाडीपुढे आठ मीटरवर, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याचे डोळे दिपता कामा नयेत. असा तो नियम.

मला तो ऐकून गंमत वाटली. कायद्यात इतका नेमका माणूस! दीड मीटर म्हणजे माझ्याच डोळ्यांची उंची. सायकलवर बसलेल्या माणसाचीही साधारण तीच.

नियम व्हायच्या आधीही उपाय होतेच. १९७१च्या डिसेंबरातल्या युद्धात ब्लॅकआउट होता, तेव्हा हेडलाइटच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा केलेला मला आठवतो. पुढे कितीतरी वर्षं लोक काचेच्या मधोमध काळी टिकली लावायचे. चेतक स्कूटरचा दिवा तर स्वतःच बिचारा. जुन्या सहा व्होल्टच्या चेतकला बॅटरीच नव्हती, इंजिन मंद झालं की दिवाही मंद. ती कोणाचे डोळे काय दिपवणार? तिच्यावरून येणाऱ्या माणसालाच खड्ड्यासमोर रेस करून बघावं लागायचं.

असो. मग संध्याकाळी सातला, अंधार पडल्यावर, आम्ही सोसायटीच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर प्रयोग केला. विद्यार्थ्याने टेप लावून आठ मीटर मोजले, उजवीकडे अर्धा मीटर, आणि खडूने फुली मारली. "बाई, तुम्ही इथे उभ्या राहा." मी उभी राहिले. माझ्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे, तरी उजेडाचे धागे पसरलेले दिसतातच. आधी साधे हेडलाइट, खाली केलेले. ठीक. मग फॉगलॅम्प. नव्याने जोर आलेले ते दिवे सरळ डोळ्यांत! मी हात वर केला. विद्यार्थ्याने पान्याने बोल्ट सैल करून दिवे खाली वळवले. पुन्हा लावले. आता रस्त्याची कड स्वच्छ, आणि माझ्या पदराच्या वर काही नाही.

मग मी भाच्याला म्हटलं, "आता तुझी ती पट्टी पण धर वर." तो नको म्हणत होता. विद्यार्थ्याने ती हातात धरून बॅटरीला जोडली. मला पुढचं काही दिसेना. गाडी नाही, भाचा नाही, पायाखालचा रस्ता नाही. मी होते तिथेच उभी राहिले, कारण शेजारी गटाराचं झाकण उघडं होतं हे मला माहीत होतं आणि ते नेमकं कुठे आहे ते कळेना.

"बंद कर रे," मी ओरडले.

तिथेच, त्या फुलीवर उभं राहून, मी त्याला त्याच्या आजोबांच्या पायाची गोष्ट सांगितली. आजोबा लंगडायचे एवढंच त्याच्या बापाकडून त्याने ऐकलं होतं. त्याला वाटायचं कारखान्यात काहीतरी पडलं असेल. तो काही बोलला नाही. विद्यार्थी वायर गुंडाळत राहिला.

भाच्याचं म्हणणंही मला पटतं, हे इथे लिहायलाच हवं. तो हौसेपोटी दिवे लावत नव्हता. रात्री तीन वाजता बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आदळायची भीती त्याची आहे, माझी नाही. ट्रॉलीच्या मागे चाळीस-पन्नास रुपयांची रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवली असती तर याला हे फॉगलॅम्प लागलेच नसते. पण ती ट्रॉली दुसऱ्याची, आणि फॉगलॅम्प याचे.

पट्टी त्याने माझ्याकडेच ठेवली आहे. परत करता आली तर बघ म्हणाला. दुकानदार परत घेत नाही. गेल्या आठवड्यात सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, "बाई, पाण्याच्या टाकीपाशी लावू का?" मी म्हटलं लाव, पण खाली वळवून लाव.